मदत हवी आहे : न्यूयॉर्कमधील बर्लेस्क नर्तकी आणि परवान्याचे राजकारण

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील बर्लेस्क (विनोदी प्रहसने आणि अंगप्रदर्शनाची नृत्ये असलेला रंगमंचीय प्रकार) नृत्यांवर स्थानिक शालीनता-कायद्यांचा कसा परिणाम झाला, यावर मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्यासाठी अभ्यासकांचे मार्गदर्शन हवे आहे. माझा मुख्य भर १९३७ च्या न्यूयॉर्कवर आहे. महापौर ला ग्वार्डिया यांच्या कारकिर्दीत परवाना आयुक्त पॉल मॉस यांनी बर्लेस्क नाट्यगृहांचे परवाने नूतनीकृत करण्यास नकार दिला, आणि पुढे काही नाट्यगृहे उघडली तीही जाहिरातीत ‘बर्लेस्क’ हा शब्द किंवा ‘मिन्स्की’ (बर्लेस्क नाट्यगृहे चालवणारे प्रसिद्ध बंधू) हे नाव न वापरण्याच्या अटीवर. अश्लीलता न्यायालयात सिद्ध करण्यापेक्षा परवाना अडवणे प्रशासनाला किती सोपे जाते, हे मला यात सर्वांत लक्षणीय (आणि खरे तर चीड आणणारे) वाटते.

माझा प्रश्न असा, की या बंदीनंतर खुद्द नर्तकींच्या उपजीविकेचे काय झाले, हे त्यांच्याच शब्दांत सांगणाऱ्या मुलाखती, आत्मकथने किंवा कामगार संघटनांची कागदपत्रे कोठे पाहायला मिळतील? १९३३ च्या शिकागो जागतिक मेळ्यात अटक झालेल्या सॅली रँडसारख्या प्रसिद्ध नर्तकींविषयी पुष्कळ साहित्य आहे. मला समूहनृत्यातील अनामिक स्त्रिया हव्या आहेत.

महाराष्ट्रातील २००५ च्या डान्सबार बंदीशी, विशेषतः ती अवैध ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाशी, कोणी तौलनिक अभ्यास केला असल्यास तोही कृपया सुचवावा.