शिवायचे की जपायचे? स्काऊट बॅजच्या संग्रहाबद्दल चर्चा

कॅम्पफायर

आपल्याकडे बॅज जमवणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जांबोरीहून, म्हणजे स्काऊट-गाईडच्या मोठ्या मेळाव्याहून, आणलेला बॅज थेट प्लास्टिकच्या खिशात जातो आणि तिथेच राहतो, हे मला पटत नाही. बॅज शिवण्यासाठीच केलेला असतो. मागे ट्विलचं कापड, कडेला इंटरलॉकसारखा गोल वळलेला जाड काठ, ही सगळी योजना तो कपड्यावर वर्षानुवर्षं टिकावा म्हणून आहे. ब्रिटन आणि कॅनडात कॅम्प ब्लँकेटची प्रथा आहे. जाड लोकरी घोंगडी, मध्ये डोकं घालायला चीर, आणि अंगभर बॅज. शेकोटीभोवती बसलं की शेजारचा एकेका बॅजवर बोट ठेवून विचारतो आणि बोलणं सुरू होतं. पुण्याचं 'संगम' १९६६ पासून जागतिक गाईड केंद्र आहे. तिथे येणाऱ्या परदेशी गाईड संगमचा बॅज घेऊन जातात तो अशाच घोंगडीवर शिवायला. अल्बममधला बॅज कुणाशी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मिळालेला बॅज शिवावा.

तीनखणी

पूर्ण असहमत. शिवलेला बॅज अदलाबदलीतून कायमचा बाद होतो, आणि अदलाबदल हा या छंदाचा प्राण आहे. अमेरिकेत ऑर्डर ऑफ द ॲरो या स्काऊटांच्या मानाच्या संघटनेच्या लॉजेसचे, म्हणजे स्थानिक शाखांचे, खिशाच्या झाकणाच्या आकाराचे 'फ्लॅप' बॅज १९५०च्या दशकापासून निघताहेत. १९७०च्या सुमाराला कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्काऊट विभागांच्या, खांद्यावर शिवायच्या पट्ट्या आल्या. आज लोक त्यांच्या मालिका लावतात: त्याच लॉजचा तोच फ्लॅप, पण एकाचा काठ नुसता कापलेला, दुसऱ्याचा वळलेला, तिसऱ्याच्या पाठीला चकचकीत प्लास्टिकचा थर. हा फरक पाठ बघूनच कळतो. शिवलेल्या बॅजची पाठ कोण बघणार?

धुलाईचं तर विचारू नका. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं असली की एका धुण्यात कडा गुलाबी होतात आणि तो रंग परत निघत नाही. सुईची भोकं ट्विलमध्ये कायम राहतात, वळलेल्या काठाचा धागा तुटला तर पुढचे टाके आपोआप उसवत जातात.

जपायचं कसं, तेही सांगतो, कारण खरी चूक तिथे होते. बाजारातले मऊ, वास येणारे पारदर्शक खिसे पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत ते चिकट होतात आणि प्लास्टिक-पाठीचा बॅज त्यालाच चिकटून बसतो. पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या. क्रिकेटच्या कार्डांची नऊखणी पानं फक्त छोट्या गोल बॅजला चालतात, कारण खण साधारण साडेसहा बाय नऊ सेंटीमीटरचा असतो. फ्लॅप आणि खांद्याची पट्टी बारा-तेरा सेंटीमीटर लांब, त्यांना नोटांच्या अल्बमची तीनखणी पानं लागतात. एका खणात एकच बॅज, नाहीतर वरच्याचा उठावदार काठ खालच्यावर उमटतो. अल्बम उभा ठेवा. आडव्या थप्पीत खालचे बॅज दबतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याआधी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या मात्र प्लास्टिकजवळ नकोत, त्या वाफेने ते मऊ पडू शकतं.

रफूगार

तीनखणी, धुलाईचा मुद्दा खरा, पण दोष शिवण्याचा नाही, शिवणाऱ्याचा आहे. बहुतेक बॅज मशीनवर काठावरून टीप मारल्याने खराब होतात. सुई भरीव भरतकामातून गेली की रेशमासारखे धागे कापले जातात. हाताने शिवा.

नवा शर्ट किंवा घोंगडी आधी एकदा गार पाण्यात धुऊन वाळवा. सुती कापड आणि लोकर आटते, पॉलिएस्टरचा बॅज आटत नाही. न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यानंतर बॅजभोवती कापड चुरगळतं आणि बॅज मध्यभागी फुगतो. घोंगडी मांडीवर नको, जमिनीवर सपाट पसरा. मांडीवर ती ताणली जाते आणि उचलल्यावर तोच फुगवटा येतो. चार बाजूंना कच्चे टाके घाला. टाचणी रात्रभर ठेवू नका, दमट हवेत गंज उतरतो. मग काठाच्या रंगाचा एकेरी पॉलिएस्टर दोरा, बारीक सुई. सुई वळलेल्या काठाच्या खालून, काठ आणि ट्विल यांच्या फटीतून बाहेर काढायची. समोरून टाका दिसत नाही. तीन-चार मिलिमीटरवर एक तिरपा टाका, दोरा ओढून घट्ट करायचा नाही. पुढे कधी काढायचा झाला तर घोंगडीच्या मागून दोरा कापायचा. बॅजला जवळजवळ काहीच खूण राहत नाही.

गोंद किंवा इस्त्रीचा चिकट कागद कधीच नको. गोंद ट्विलमध्ये मुरतो, पिवळा पडतो. आणि पाठीला प्लास्टिकचा थर दिसला म्हणून इस्त्री फिरवणारे बरेच आहेत. तो थर चिकटण्यासाठी नसतो, भरतकाम कडक राहावं म्हणून असतो. इस्त्रीने तो वितळून बॅज कायमचा वाकडा होतो.

तीनखणी

फटीतल्या टाक्याची पद्धत चांगली आहे, मान्य. पण जुन्या बॅजचं काय? १९११ ते १९३३ दरम्यानचे अमेरिकन मेरिट बॅज, म्हणजे एखादं कौशल्य शिकल्यावर मिळणारे बॅज, चौकोनी कापडावर भरलेले असत. मुलांनी शिवताना कडेचं कापड कापलं किंवा आत दुमडलं. म्हणून पूर्ण चौकोन राहिलेला बॅज आज शोधावा लागतो. शिवण्याने झालेलं नुकसान हे असं असतं.

शिवाय खरं-खोटं ओळखण्याचा भाग आहे. आजच्या पांढऱ्या पॉलिएस्टर धाग्यात बहुतेक वेळा चमक वाढवणारं रसायन असतं, ते अतिनील दिव्याखाली निळसर उजळतं. जुना सुती धागा तसा उजळत नाही. पण बॅज हल्लीच्या धुण्याच्या पावडरीने धुतला की त्या पावडरीतलंच रसायन धाग्यात बसतं आणि अस्सल जुना बॅजही उजळतो. एका धुण्यात ही कसोटी निकामी होते.

कॅम्पफायर

याच उदाहरणात माझी बाजूही आहे. मेरिट बॅज ज्या खांद्यावरून आडव्या घालायच्या पट्ट्यावर, म्हणजे सॅशवर, मुलाने स्वतः शिवले तो अख्खा पट्टा आज संग्राहक जसाच्या तसा जपतात. त्यातून एखादा दुर्मिळ बॅज उसवून वेगळा काढला तर जाणकार हळहळतात, कारण कोणत्या मुलाने काय काय मिळवलं ही जोडणीच संपते. शिवल्यामुळेच ती जोडणी टिकली. सुटा चौकोन कापडाचा तुकडा सांगतो, पट्टा मुलगा सांगतो.

जांबोरीचा झोळा

दोघंही एक फरक विसरताय: मिळवलेला बॅज आणि अदलाबदलीचा बॅज. तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार हे मिळवायचे असतात. ते गणवेशावर शिवायचे, द्यायचेही नाहीत आणि बदल्यात घ्यायचेही नाहीत. राष्ट्रपती पुरस्काराचा बॅज देऊन परदेशी फ्लॅपचा संच घेणारा मुलगा दिसला तर त्याच्या स्काऊट मास्तरांनी थांबवलंच पाहिजे. अदलाबदलीला शिबिराचे, जिल्ह्याचे, पथकाचे बॅज आणि स्कार्फ.

मैदानावरची रीतही मुलांना आधी शिकवा. चादर पसरून त्यावर बॅज मांडायचे. दुसऱ्याच्या चादरीवरून ओलांडायचं नाही, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बदलायचे बॅज एका फाईलमध्ये, ठेवायचे दुसऱ्या फाईलमध्ये आणि ती तंबूतच. एकच फाईल नेली की समोरचा नेमका न द्यायच्या बॅजवर बोट ठेवतो आणि संकोचाने मूल देऊन टाकतं. सौदा पटला की डाव्या हाताने हस्तांदोलन, त्यानंतर मागे फिरणं नाही. साधारण नियम एकास एक. मोठ्यांनी मोठ्यांशी आणि मुलांनी मुलांशीच बदलावं हा अमेरिकन मेळाव्यांतला दंडक आपणही पाळावा, मग मेळावा कोणताही असो. बाजारभाव माहीत असलेला चाळिशीचा संग्राहक आणि कबमधून, म्हणजे लहान मुलांच्या शाखेतून, नुकताच वर आलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा, हा सौदा बरोबरीचा नसतो.

तीनखणी

एकास एकवर माझा आक्षेप. लॉजच्या सभासदाला आयुष्यात एकदाच मिळणारे फ्लॅप असतात. त्याच्या बदल्यात हजारोंनी काढलेला मेळाव्याचा बॅज कुणी का घ्यावा? दुर्मिळतेचं मोल नाकारलं तर चांगले बॅज मैदानावर येणारच नाहीत.

जांबोरीचा झोळा

मग ते मोठ्यांच्या टेबलावर आणा. मुलांच्या चादरीवर दुर्मिळतेचा भाव आला की लहान मुलं घरच्यांकडे पैसे मागायला लागतात. तिथे मी एकास एकवरच ठाम आहे.

रफूगार

कॅम्पफायर आणि तीनखणी, तुमच्या वादाला पथकापुरता एक मार्ग आहे: पथकाचे स्वतःचे बॅज पुरेसे काढा, म्हणजे बदल्यात एकाच प्रकारचे दोन घेता येतील, एक शिवायला, एक जपायला. मूल जितके दिवस मैदानावर असेल त्या प्रत्येक दिवसाला किमान तीन धरा आणि वर दहा राखीव. बॅज देवनागरीतच काढा, परदेशी मुलांना तोच हवा असतो. पण भरतकामवाला इंग्रजीच्या मापाने अक्षरं काढतो आणि तिथे घोळ होतो. रोमन अक्षर पाच-सहा मिलिमीटरला वाचता येतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार असतो, म्हणून अक्षराचा मधला भागच सात-आठ मिलिमीटर हवा, नाहीतर 'ष'चं पोट भरून जातं आणि अनुस्वार शिरोरेषेत बुडतो. 'महाराष्ट्र'मधला 'ष्ट्र' सगळ्यात आधी बिघडतो. सगळी ऑर्डर देण्याआधी एक नमुना शिवून मागवा आणि हातभर अंतरावरून वाचून बघा.

कॅम्पफायर

'ष्ट्र'ची सूचना घेतली. पथकाच्या पुढच्या बॅजवर गावाचं नाव मोठं आणि राज्याचं नाव सुटसुटीत काढू. बदल्यात एकाच प्रकारचे दोन मिळाले तर एक तीनखणी पानात जाईल, एवढं मी मान्य करतो. एकुलता एक असेल तर तो घोंगडीवरच, फटीतल्या टाक्याने.

तीनखणी

एकुलता एक असेल तर निदान शिवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पाठ एकदा घोंगडीला लागली की पुन्हा दिसणार नाही.