पिकअप बहुतेक हलकीच चालते, मागच्या टायरात हवा किती ठेवावी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमची पाट्यांची (मागे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची) पिकअप आहे, 1.3 टनी, गाव सिन्नरकडचं. टोमॅटोच्या दिवसात वाशी मार्केटला फुल लोड जातो तेव्हा प्रश्न नाही, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मागच्या चाकाला 65 पीएसआय लिहिलंय तेवढी भरतो. पण सीझन उतरला की गाडीत काय तर दुधाचे कॅन, पेंडीची दोन-चार पोती, कधी ठिबकच्या नळ्या, अडीचशे-तीनशे किलोच्या वर नसतंच काही, आणि तेव्हा 65 ठेवली तर खड्ड्यात गाडी मागून नुसती उडते, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं जाम होऊन घसरतात. टायरची नक्षी पण मधोमध जास्त गेलीय, कडा अजून चांगल्या आहेत. पंक्चरवाला म्हणतो टायरवर 65 च्याही वरचा आकडा छापलाय, टेन्शन घेऊ नका. गाडी धाकटा भाऊ चालवतो, पावसात घोटीकडे जाणं होतं, म्हणून काळजी वाटते. 45 पर्यंत उतरवली तर चालेल का? आणि पुढची पण कमी करायची का?

उत्तर :
दादा, टायरवर छापलेला आकडा म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती हवा सोसतो ते, तुमच्या गाडीत किती भरायची ते नाही. मधोमध झीज म्हणजे वजनाच्या मानाने हवा जास्त, टायर रस्त्याला पूर्ण टेकतच नाही, त्यात हौदा रिकामा म्हणून मागच्या चाकांवर वजन नाही, मग घसरणारच. गाडीच्या पुस्तकात रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा दिलाय का ते आधी बघा, असेल तर त्याच्या खाली जायचं नाही. एकदम 45 नको, तीन-तीन पीएसआयने उतरवा, नक्षीवर खडूची आडवी रेघ मारा आणि सरळ रस्त्यावर थोडी गाडी चालवून बघा, फक्त मधली पुसली तर अजून जास्त आहे, फक्त कडांची पुसली तर कमी झाली. पुढची स्टिकरप्रमाणेच राहू द्या, इंजिनाचं वजन रिकाम्या गाडीतही पुढेच असतं. हवा सकाळी गाडी काढायच्या आधीच मोजा, गरम टायर पाच-सहा पीएसआय जास्त दाखवतो, तेव्हा सोडली तर थंड झाल्यावर कमी भरते. आणि माल भरायच्या आधी परत 65, यात हयगय नको, कमी हवेवर लोड घेतला की टायर तापतो आणि फुटतो. ब्रेकचं मात्र निव्वळ हवेवर सोडू नका, मागच्या ॲक्सलला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मागच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याचा दांडा मोकळा हलतो का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

धागाकर्ता :
खूप आभार भाऊ, उद्याच खडूने बघतो. स्टेपनीत किती ठेवू?

उत्तर :
65 च. बसवल्यावर जास्त वाटली तर सोडता येते.