मदत हवी आहे: इंग्रजी कथेत अपराधीपणाला चव द्यायची, पण कशी?

मी इंग्रजीत कथा लिहिते. सध्याच्या कथेतली मुलगी वडील गेल्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान विकते. दुकानाला शेवटचं कुलूप लावून ती घरी येते, जेवायला बसते. आधी 'शी फेल्ट गिल्टी' एवढंच होतं. निर्जीव वाटलं म्हणून 'हर गिल्ट टेस्टेड ऑफ रस्ट' केलं. आमच्या लेखनगटात दोघींना आवडलं, तिसरीने समासात 'सजावट' लिहून ठेवलं. ती उगाच बोलणाऱ्यातली नाही, म्हणून डोक्यात बसलंय.

'बिटर डिसअपॉइंटमेंट', 'हेवी सायलेन्स' वगैरे इतकं वापरून झालंय की वाचणाऱ्याला कडू काही लागतच नाही. नवं करायला जावं तर ओढूनताणून होतं. तुम्ही हे स्वतःच्या लेखनात कसं ओळखता? आणि कुठल्या भावनेला कुठलं विशेषण इंग्रजीत चालतं, ते कुठे तपासता?

प्रतिसाद १

मी तिसरीच्या बाजूने. गंज छान आहे, पण तो गिल्टला वरून चिकटवलाय. अहो, गंज दुकानातच आहे की! कवी-समीक्षक टी. एस. एलियटने १९१९ मध्ये हॅम्लेटवरच्या निबंधात 'ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह'बद्दल हेच म्हटलंय: भावना पोचवायची तर तिच्यासाठी वस्तू, परिस्थिती, घटनांची साखळी शोधा. (हॅम्लेट हे फसलेलं नाटक आहे, हा त्याचा निष्कर्ष मला कधीच पटला नाही, पण ते असो.) तुमच्याकडे कुलूप आहे. हात धुतले तरी बोटांना लोखंडाचा वास. 'गिल्ट' हा शब्दच काढून वाचून पाहा.

प्रतिसाद २

तपासायला ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी. तिथे नामाखाली रुळलेली विशेषणं मिळतात. त्याबाहेर जायला हरकत नाही, फक्त जाणूनबुजून जा. 'सॉल्टी' मात्र जपून. तुमच्या मनात अश्रू असतील, तरुण वाचक 'चिडलेली' असं वाचेल.

वासाच्या बाबतीत इंग्रजीचा हात आखडता आहे. 'मस्टी' (कुबट) यासारखे थोडे शब्द सोडले तर ज्याचा वास त्याचंच नाव घ्यावं लागतं. म्हणून 'मेटॅलिक स्मेल'पेक्षा सरळ 'पॅडलॉक' म्हणा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आता असं केलंय: 'शी वॉश्ड हर हँड्स ट्वाइस. द राइस स्टिल स्मेल्ड ऑफ द पॅडलॉक.' पण यातून अपराधीपण कळेल, की नुसतेच अस्वच्छ हात?

प्रतिसाद १

विक्रीचा व्यवहार आधीच्या पानावर आहे ना? मग कळेल. 'ट्वाइस' काढू नका, खरं काम तोच करतोय. 'स्टिल' गेला तरी चालेल.