मदत हवी आहे : साइट्स वेगवेगळ्या होस्टिंगवर, डेटाबेस एकच

नमस्कार मंडळी,

आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या वाशी, ऐरोली आणि घोडबंदर रोडला शाखा आहेत. प्रत्येकीची वेबसाइट वेगळ्या होस्टिंगवर, त्यातल्या दोन शेअर्ड (एकाच सर्व्हरवर इतरांच्याही साइट्स). पेशंटच्या नोंदी आणि रिपोर्ट मात्र एकाच मायएसक्यूएल (डेटाबेस) सर्व्हरवर ठेवायचे आहेत, म्हणजे ऐरोलीत रक्त दिलेल्याला वाशीतही रिपोर्ट मिळेल.

मायएसक्यूएलची कनेक्शन्स ज्यातून येतात तो ३३०६ पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवायचा नाही, हे नक्की. फायरवॉलमधून ठरावीक आयपींनाच परवानगी, प्रत्येक साइटला स्वतंत्र युजर आणि लागतील तेवढेच अधिकार, टीएलएसशिवाय (एन्क्रिप्शनशिवाय) कनेक्शन नाही, इथवर ठरलंय. घोडं अडलंय ते शेअर्ड होस्टिंगपाशी. तिथला आयपी इतरांच्या साइट्सही वापरतात, म्हणजे आपण परवानगी दिली की शेजारीही डेटाबेसच्या दारापर्यंत पोहोचतात. रूट अ‍ॅक्सेस (सर्व्हरवर पूर्ण ताबा) नसल्यामुळे वायरगार्ड हे व्हीपीएनही टाकता येत नाही.

अशा वेळी युजरला क्लायंट सर्टिफिकेट (जोडणाऱ्या साइटची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र) सक्तीचं केलं तर पुरेल का? की डेटाबेस आतच ठेवून पुढे छोटा एपीआय (ठरावीक विनंत्याच स्वीकारणारा मधला प्रोग्राम) उभा करावा? माझा कल एपीआयकडे आहे, कारण एखादी साइट हॅक झाली तरी डेटाबेसवर थेट एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञा) चालवता येणार नाही. लोकांच्या आजारपणाची माहिती आहे, त्यात तडजोड नको.

दुसरं, वेगाचं. प्रत्येक क्वेरीला (डेटाबेसकडे केलेल्या मागणीला) नेटवर्कवरून जाऊन यावं लागणार, त्यामुळे क्वेरी जास्त असलेली पानं रखडतील. कॅशिंग (वारंवार लागणाऱ्या माहितीची तात्पुरती प्रत जवळ ठेवणं) नेमकं कुठे करता? ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. शेअर्ड सोडून व्हीपीएस (स्वतंत्र आभासी सर्व्हर) घेणंच बरं असेल तर तेही स्पष्ट सांगा.