बेसबॉलमधला तुम्हाला न विसरता येणारा प्रसंग कोणता?

प्रश्न: क्रिकेटवाला माणूस आहे, हल्लीच बेसबॉल बघायला लागलोय. जुने भन्नाट किस्से सांगा ना, आकडे नकोत नुसते.

उत्तर १: हार्वी हॅडिक्स!! २६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्गच्या या पिचरने (म्हणजे बोलरने) १२ इनिंग, सलग ३६ बॅटर बाद केले, एकही बेसवर (धावायच्या टप्प्यावर) पोचला नाही, पण त्याच्या टीमला १२ हिट (बेसवर पोचवणारे फटके) मारूनही एक रन काढता येईना. मग १३व्या इनिंगला थर्ड बेसमनचा (तिसऱ्या बेसवरच्या फिल्डरचा) थ्रो चुकून मिलवॉकीचा एक बॅटर बेसवर पोचला, मग त्यांच्याच हँक आरनला मुद्दाम वॉक दिला (न खेळवता फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं) आणि जो अ‍ॅडकॉकने बॉल कुंपणापलीकडे टोलवला. त्यातही आरन मधेच बेस सोडून चालायला लागला म्हणून होमरनचा (सिक्सरसारखा फटका) नुसता डबल (दोन बेसचा फटका) झाला, स्कोअर १-०. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

उत्तर २: जोएल यंगब्लड, ४ ऑगस्ट १९८२. दुपारी शिकागोत मेट्स टीमकडून हिट, मॅच चालू असतानाच दुसऱ्या टीमला ट्रेड झाला (देऊन टाकला), गडी धावतपळत फिलाडेल्फियाला पोचला आणि रात्री एक्सपोज या नव्या टीमकडून हिट! एका दिवसात दोन शहरं, दोन टीम.

उत्तर ३: २००१, पिचर रँडी जॉन्सनचा बॉल मधे उडत आलेल्या होल्याला लागला, नुसती पिसंच पिसं. अंपायरने तो बॉल मोजलाच नाही. बिचारा पक्षी.