नोव्हेना संपली, उत्तर नाही. आता काय?

मांडवीकाठ: घरात मोठं आजारपण आलं की गोव्यात ख्रिस्ती घरांत नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरतात. आशा तुटते ती बहुधा दहाव्या दिवशी, कारण नऊ दिवस म्हणजे देवाला दिलेली मुदत असं मनात पक्कं झालेलं असतं. येशूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित आणि मरिया प्रार्थनेत थांबले, तिथून ही प्रथा आली. पण त्यांना नऊ आकडा कुणी सांगितला नव्हता, ‘थोड्याच दिवसांत’ एवढंच सांगितलं होतं. माझं ठाम मत: संकटात ठरीव प्रार्थना बाजूला ठेवा आणि सरळ गाऱ्हाणं घाला. नमुना बायबलमधलं स्तोत्र 13. पहिल्या दोन ओव्यांत चारदा ‘कोठवर?’, पुढच्या दोनांत नेमकी मागणी, शेवटी भरवसा. लोक पहिला भाग गाळून थेट भरवशावर उडी मारतात आणि दुःख आत तसंच कुजतं.

सालसेतची: साफ अमान्य. इस्पितळाच्या बाकावर रात्री दोनला गाऱ्हाणं रचायला डोकं जाग्यावर असतं का? तिथे तेर्सच, म्हणजे मण्यांवर म्हणायची जपमाळच, धरून ठेवतो. चूक होते ती मापात. पाच दशकं, वर लदीन ही लांब विनवणीमाला, वर दोन-तीन संतांच्या नोव्हेना, असं सगळं एकदम घेतलं की चार दिवसांत सगळंच सुटतं. एकच दशक घ्या: एक ‘आमच्या बापा’, दहा ‘नमन मारिये’, एक महिमा. तीन-चार मिनिटांत होतं. मणी हाताशी नसले तर दहा बोटं आहेतच. दशकाबरोबर चिंतनाला एक प्रसंग असतो, त्याला रहस्य म्हणतात. मंगळवार-शुक्रवारी पहिलंच रहस्य गेथशेमानेचं, म्हणजे अटकेआधी येशूने बागेत केलेल्या प्रार्थनेचं असतं, तेवढंच डोळ्यांपुढे ठेवा.

फोंडेकर: मत्तय 6:7 मध्ये व्यर्थ बडबड करू नका असं स्पष्ट म्हटलंय.

सालसेतची: तिथे दोष दिलाय तो पुष्कळ बोललं की देव ऐकतो या समजुतीला. त्याच मत्तयात 26:44 वाचा. येशूने गेथशेमानेत तिसऱ्यांदा तीच प्रार्थना त्याच शब्दांत केली, आणि प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, टळला नाही.

फोंडेकर: मान्य. पण मग आंगवणीचं, म्हणजे नवसाचं, काय? फेस्तात (चर्चच्या सणात) मेणाचा पाय वाहिला, दुखणं हललं नाही, की माणूस स्वतःच्या श्रद्धेतच खोट काढतो. हा सौदा फार घातक. प्रेषित पौलाने देहातला काटा, म्हणजे न सुटणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढं उत्तर मिळालं. पौलाची श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणेल?

मांडवीकाठ: सौद्याबद्दल एकमत. तरी स्तोत्र 88 विसरू नका, ते अंधारातच संपतं, भरवशाची ओळ शेवटी येतच नाही. तेही शास्त्रात ठेवलंय. तेर्समध्ये दुःखाच्या रहस्यांनंतर महिमेची, म्हणजे पुनरुत्थानापासूनची, येतात. ज्याच्यासाठी अजून काहीच उजाडलेलं नाही, त्याने काय म्हणायचं?

सालसेतची: स्तोत्र 88 म्हणावं आणि मागोमाग एक दशक. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नास याचा नियमही पाळावा: मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये. सोडायचंच असेल तर मन निवल्यावर ठरवा, आणि कोरड्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा.

आणखी एक, याकोब 5:14. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आपल्याकडे पाद्रीला अगदी अखेरच्या घटकेला बोलावतात, तोवर आजाऱ्याला शुद्ध नसते. हा संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही. गंभीर आजार कळला किंवा मोठं ऑपरेशन ठरलं की लगेच बोलवा. दुखणं वाढलं तर तो पुन्हाही घेता येतो.