मारुतीचं स्टेअरिंग जाम होतंय, शनिवारच्या आत काहीतरी सांगा

कपाशीवाला
नमस्कार मंडळी. आमच्या मारुतीचं स्टेअरिंग फार जड झालंय, नुसतं जड नाही, मधेच अडकतं पण. टायर नवीन टाकले, अलाइनमेंट केली, फरक शून्य. इथल्या मिस्तरीला विचारलं तर तो म्हणे जुनी गाडी आहे, चालायचंच. शनिवारी सासरवाडीला जायचंय संभाजीनगरला, चाळीसगाववरून कन्नड घाटातून, आणि घरात आतापासून सुरू झालंय की भाड्याची गाडी करा. भाड्याचे जे पैसे सांगताहेत त्यात माझी अर्धी दुरुस्ती होते. कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा. गाडी विका असं कृपया कोणी सांगू नका.

सातपुड्याखालचा
पॉवर स्टेअरिंगचं ऑइल बघितलं का? छोटी बाटली असते इंजिनजवळ, त्यात लेव्हलची खूण असते. ऑइल कमी झालं की सेम असंच होतं, आणि वळवताना कुईं असा आवाज येतो. बेल्ट पण बघा ढिला झालाय का.

कपाशीवाला
पॉवर स्टेअरिंग नाहीये हो.

सातपुड्याखालचा
मग आधी सांगायचं ना. कोणती गाडी आहे? मारुतीच्या ढीगभर गाड्या आहेत.

कपाशीवाला
मारुती म्हणजे मारुती. ८००.

एरंडोल_एक्सप्रेस
😂 बरोबर बोलले कपाशीवाले. आपल्याकडे ८०० ला मारुती म्हणायचं आणि बाकीच्यांना त्यांच्या नावाने.

तापीकाठ
हवा देखी का भो पहिले? मना मामानी गाडीले बी असंच व्हयेल व्हतं, पुढच्या दोन्ही चाकात हवाच नव्हती. उगाच खर्च करू नका.

कपाशीवाला
नवीन टायर टाकले म्हणून वर लिहिलंय. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरली आहे.

लोको_भुसावळ
कपाशीवाले भाऊ, मी लोको शेडमधून रिटायर झालो आहे, मोटार मेकॅनिक नाही, पण यंत्र म्हटलं की पद्धत सगळीकडे तीच. तुमच्या लिहिण्यातून काहीच कळत नाही. चार गोष्टी सांगा. गाडी कोणत्या वर्षाची? उभ्या गाडीत जड आहे की चालत्या गाडीत पण? वळण घेतल्यावर हात सैल सोडला तर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं का? आणि "अडकतं" म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ठराविक जागी अडकतं, की पूर्ण वळवताना शेवटाकडे?

कपाशीवाला
२००६ ची आहे. चालताना पण जड आहे. लवकर सांगा काका, आज बुधवार आहे.

पासिंगवाला
२००६ ची म्हणजे १५ वर्षं होऊन गेली, री-पासिंग केलं का? खासगी गाडीची १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ ला कारची फी ६०० वरून ५००० झाली होती. एमएच १९ असेल तर जळगावला जावं लागेल, ग्रीन टॅक्स वेगळा. स्टेअरिंग खराब असेल तर फिटनेसला अडवतील.

कपाशीवाला
पासिंग झालेलं आहे. मी पासिंगचं विचारलं नव्हतं.

इलेक्ट्रिक_बॉस
माझं ऐका. ८०० चं स्टेअरिंग मुळातच जड, त्यात जीव घालू नका. भंगार बाजारातून ऑल्टो नाहीतर वॅगनआरचं इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग कॉलमसकट (स्टेअरिंगखालचा दांडा) उचला आणि बसवून टाका. मी बसवलंय, एका बोटाने फिरतं, बायको पण चालवते आता.

जुनं_ते_सोनं
हा सल्ला सगळ्या धाग्यांवर देता तुम्ही. अहो खाली काहीतरी अडकतंय, त्यावर मोटर लावली तर मोटर ते अडकलेलं रेटून फिरवेल आणि एक दिवस नको तिथे तुटेल. आधी आजार शोधा. आणि ८०० चं स्टेअरिंग मुळात जड होतं हे कोणी सांगितलं? साडेसहाशे किलोची गाडी, १२ इंची चाकं, चांगल्या अवस्थेत असेल तर बाया-माणसं लग्नाच्या बांगड्या घालून फिरवायची. वडिलांची १९९१ ची होती, मी त्यावरच शिकलो.

इलेक्ट्रिक_बॉस
माझी तीन वर्षं झाली, काही तुटलं नाही. ज्याला हात दुखवायचे त्याने दुखवावे.

सातपुड्याखालचा
डब्ल्यूडी-४० मारा सगळीकडे. शंभर टक्के फरक पडतो.

लोको_भुसावळ
डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला ठीक आहे, ते ग्रीस नव्हे. दोन दिवस बरं वाटतं, असलेलं ग्रीस पण धुऊन निघतं आणि मग पहिल्यापेक्षा वाईट.
कपाशीवाले, माझ्या चारपैकी दोनच प्रश्नांची उत्तरं दिलीत. उरलेली दोन महत्त्वाची आहेत.

कपाशीवाला
आत्ता रिकाम्या प्लॉटवर नेऊन बघितलं. सरळ येत नाही आपोआप, हाताने ओढून आणावं लागतं. आणि मधे बरं असतं, थोडं वळवलं तरी चालतं, पण पूर्ण वळवायला गेलं की दोन्ही बाजूला शेवटी शेवटी एकदम घट्ट. रिव्हर्स घेताना घाम फुटतो.

एरंडोल_एक्सप्रेस
घाम तर इथे गाडीत नुसतं बसलं तरी फुटतो.

जुनं_ते_सोनं
शॉकअपच्या वरचं बेअरिंग. शंभर टक्के. बॉनेट उघडा, एकाला स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि शॉकअपच्या माथ्यावर हात ठेवा. चाक वळतं तेव्हा स्प्रिंग आणि शॉकअप सगळं फिरतं, ते त्या बेअरिंगवर. बेअरिंग गेलं असेल तर स्प्रिंग अडकून अडकून टणकन सुटते, हाताला झटका कळतो.

लोको_भुसावळ
त्यांचं म्हणणं चूक नाही, पण अंदाजाने एकेक पार्ट बदलत गेलात तर शनिवार काय, दिवाळी उजाडेल. अर्धं-अर्धं करून शोधायचं. लिहून घ्या.
गाडीचं पुढचं तोंड जॅकने उचला आणि घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हात पण घालायचा नाही. दोन्ही चाकं हवेत असताना स्टेअरिंग फिरवा. हवेत हलकं झालं तर दोष वजनामुळे दिसतो, म्हणजे टायर, हवा, शॉकअपचं बेअरिंग, खालचा बॉल जॉइंट. हवेत पण घट्टच असेल तर दोन्ही बाजूचे टाय रॉड एन्ड, म्हणजे स्टेअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची टोकं, चाकापासून सोडवा. कॉटर पिन काढून नट ढिला करायचा आणि पुलर लावायचा. हातोडी आट्यावर मारायची नाही. आता चाक हाताने एकेक फिरवून बघा. चाक घट्ट असेल तर त्या बाजूचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. चाकं मोकळी आणि स्टेअरिंग अजून घट्ट, तर दोष रॅकमध्ये, म्हणजे चाकं वळवणाऱ्या आडव्या दातेरी दांड्यात, नाहीतर कॉलममध्ये. मग कॉलमच्या खालच्या क्रॉस जॉइंटचा बोल्ट काढून तो रॅकपासून वेगळा करा आणि वरचं स्टेअरिंग एकटं फिरवा. क्रॉस गंजला असेल तर एका फेऱ्यात दोनदा घट्ट-मोकळं-घट्ट-मोकळं असं होतं. तुम्ही म्हणताय मधे बरं आणि शेवटी घट्ट, म्हणून माझा संशय क्रॉसवर कमी आहे. वेगळा करण्याआधी दोन्हीवर रंगाची खूण करा, नाहीतर जोडताना स्टेअरिंग वाकडं बसेल.

सातपुड्याखालचा
काका तुम्ही एवढं लिहिलं तोपर्यंत गाडी दुरुस्त झाली असती 😄

लोको_भुसावळ
तुम्ही सुचवलेलं ऑइल टाकायला बाटली सापडली असती तर नक्की झाली असती.

पुण्यात_राहणारा_खान्देशी
थोडं अवांतर, कन्नड घाट बंद केला ना? बातमी वाचली होती.

एरंडोल_एक्सप्रेस
जड वाहनांना बंदी आहे, कार जातात. तुम्ही पुण्यात राहून घाटाची काळजी करू नका, गावाला आलात की भरीत खायला या.

पुण्यात_राहणारा_खान्देशी
भरीत इथेही मिळतं पण त्यात टोमॅटो घालतात.

तापीकाठ
टोमॅटो??? ते भरीत नाही मग. बामणोदची वांगी, काड्यांवर भाजायची, हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून कच्चं तेल, सोबत कळण्याची पुरी. धागा कुठे गेला बघा.

जुनं_ते_सोनं
धाग्यावर या. कपाशीवाले, बेअरिंग बघितलं का?

कपाशीवाला
आज दुसऱ्या मिस्तरीकडे नेली, त्याला काकांचं लिहिलेलं मोबाइलवर दाखवलं. आधी हसला, पण केलं तसंच. हवेत पण घट्ट. टाय रॉड सोडले तर दोन्ही चाकं हाताने मस्त फिरतात, शॉकअपचं बेअरिंग पण ठीक म्हणाला. कॉलम वेगळा केला, स्टेअरिंग एकटं मोकळं. म्हणजे रॅक. आणि अजून एक, रॅकच्या डाव्या बाजूचा रबरी बूट फाटलेला होता, क्लिपच्या जागी कोणीतरी सुतळी बांधलेली. बूट सरकवला तर आत ग्रीस नव्हतंच, काळ्या मातीचा चिखल वाळून कडक पापडी झालेली, दांड्याला चिकटून. नखाने खरवडून काढली त्याने. शेताच्या रस्त्याने पावसाळ्यात रोजच जाते गाडी.

लोको_भुसावळ
शाब्बास. पण माती एकाच बाजूची, तुमचं जड दोन्ही बाजूला आहे. रॅकचा नट कोणी आवळला होता का एवढ्यात?

कपाशीवाला
हो. दिवाळीच्या आधी पुढून खडखड यायची म्हणून आधीच्या मिस्तरीने रॅक आवळला होता. पण तेव्हा तर छान झाली होती गाडी.

जुनं_ते_सोनं
अरे बाबा!!! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

इलेक्ट्रिक_बॉस
एवढी पानं भरून झाल्यावर सांगताय 🤦

कपाशीवाला
त्याचा काय संबंध, ते खडखडीचं काम होतं. जड नंतर झाली.

लोको_भुसावळ
त्याचाच संबंध आहे. रॅकला पिनियनच्या, म्हणजे तो सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, मागे एक मोठा बोल्ट असतो, त्यात स्प्रिंग आणि ठोकळा, तो रॅकला पिनियनवर दाबून धरतो. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, त्यामुळे रॅकचे दात मधेच झिजतात, टोकाचे दात नव्यासारखे राहतात. मधला प्ले (ढिलेपणा) जावा म्हणून बोल्ट आवळला की मधे बरोबर बसतं, पण टोकाला न झिजलेले जाड दात आले की फिरायला जागाच उरत नाही. म्हणून तुम्हाला मधे ठीक आणि वळवताना घट्ट. सरळ येत नाही ते पण त्यामुळेच. त्या वेळी छान वाटली कारण तुम्ही खडखड ऐकत होतात. त्यानंतर ग्रीस गेलं, माती शिरली आणि घट्टपणा वाढत गेला.

जुनं_ते_सोनं
हे मात्र पटलं. बेअरिंगचं मी मागे घेतो.

तापीकाठ
मग नट ढिला करा आणि जा शनिवारी. विषय संपला.

लोको_भुसावळ
ढिला केला की खडखड परत येईल, झिजलेले दात काही भरून येत नाहीत. गावातल्या गावात हळू चालवायला ठीक, पण रॅक झिजलेला आहे आणि आत माती जाऊन बसली आहे. कन्नड घाटात तीव्र वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवावं लागतं, म्हणजे नेमकं जिथे तुमचं अडकतं तिथेच. अशा अवस्थेत बायका-पोरं घेऊन घाटात जाऊ नका. रॅक बदला.

कपाशीवाला
रॅक केवढ्याला? आणि भंगारातला चालेल का?

जुनं_ते_सोनं
भंगारातला घेऊ नका. त्याचे पण दात मधेच झिजलेले असणार, फक्त दुसऱ्याच्या गाडीत झिजलेले. गाडी बंद झाली तरी पार्ट मिळतात अजून, २०१४ पर्यंत बनत होती. जळगावात स्पेअरच्या दुकानांत फोन करून विचारा, अंमळनेर-धुळ्यालाही मिळेल. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, कंपनीचा आणि बाहेरचा यात बराच फरक असतो.

इलेक्ट्रिक_बॉस
रॅक नवीन टाकताच आहात तर सोबत मोटर पण…

कपाशीवाला
नको.

पासिंगवाला
कुणी विचारलं नाही पण सांगतो, पहिली मारुती ८०० इंदिरा गांधींच्या हस्ते १४ डिसेंबर १९८३ ला दिली होती, दिल्लीच्या हरपाल सिंग यांना. आमच्याकडे पहिली आली तेव्हा बघायला अख्खी गल्ली जमली होती.

लोको_भुसावळ
कपाशीवाले, रॅक बदलताना टाय रॉड एन्ड काढण्याआधी किती आटे बाहेर दिसतात ते मोजून ठेवायला सांगा, तेवढ्यावरच परत बसवायचे, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल. त्यानंतर अलाइनमेंट करावीच लागेल, आधी केलेली आता उपयोगाची नाही, नाहीतर नवीन टायर एका बाजूने खाल्ले जातील. बूट दोन्ही नवीन, क्लिपसकट. सुतळी नाही.

कपाशीवाला
शुक्रवारी संध्याकाळी रॅक बसवला, जळगावहून मागवला होता, मिस्तरी दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत थांबला बिचारा. आता हाताने मोकळं फिरतं, वळणावरून सोडलं की स्वतःच सरळ येतं. खडखड पण नाही. अलाइनमेंट सकाळी करून मग निघतो, तिथलं दुकान नऊला उघडतं. काका, तुमचे आभार. बूट दोन्ही नवीन टाकले. जुना रॅक मिस्तरीने भंगारात घेतो म्हणाला, किती मागू?

तापीकाठ
किलोच्या भावाने दे भो, पण वजन त्याच्या काट्यावर करू नको.